हातातली हरवलेली रेषा

(शिक्षक, पंचायतींचे कार्यकर्ते आणि प्रौढ नागरिक यांच्यापुढे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कोणत्याही गावातील प्राथमिक शाळेत पहिलीच्या वर्गात जाऊन "चित्र कोणाला काढता येते?" असे विचारले, तर वर्गातील सगळे हात एकदम वर होतात. हाच प्रश्न त्याच मुलांच्या पालकांना सभेत विचारला, तर सभा क्षणभर स्तब्ध होते. माणसे एकमेकांकडे पाहून हसतात. एखादा धीट गृहस्थ, "लहानपणी काढीत होतो खरा," असे म्हणून मान खाली घालतो. हात तेच आहेत, बोटे तीच आहेत, डोळ्यांनी तर या मधल्या काळात कितीतरी अधिक जग पाहिले आहे. मग पहिलीतील मुलाला जे येते, ते त्याच्या बापाला का येऊ नये? प्रौढ माणसाच्या हातातून ही रेषा केव्हा आणि कशी निसटते, आणि साध्या, रोजच्या सरावाने ती पुन्हा हाती येऊ शकते काय, हा आजच्या विचाराचा विषय आहे.

हा विषय केवळ हौसेचा आहे, असे कोणास वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्याला आपल्या हाताने काहीतरी नवे घडविता येते, त्याचा स्वतःवरचा विश्वास निराळा असतो. सेवानिवृत्तीनंतर घरात बसून दिवस मोजणारे लिपिक, मुले परगावी गेल्यामुळे एकट्या पडलेल्या माउल्या, दिवसभर शेतात राबून संध्याकाळी शिणलेल्या मनाने ओटीवर बसणारे शेतकरी, या सर्वांच्या आयुष्याशी या प्रश्नाचा संबंध आहे. "आता या वयात काय शिकायचे?" हे वाक्य आपल्या समाजात इतके रुळले आहे की, त्याने किती माणसांचे किती दिवस वाया घालविले याचा हिशेब कोणी मांडलेला नाही.

रेषा कोठे हरवते?

बालकांच्या चित्रांचा पद्धतशीर अभ्यास करणाऱ्यांत व्हिक्टर लोवेनफेल्ड यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. ऑस्ट्रियात जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत अध्यापन केलेले हे कलाशिक्षणतज्ज्ञ. त्यांचा याविषयीचा ग्रंथ 1947 मध्ये प्रसिद्ध झाला. मूल साधारण दुसऱ्या वर्षापासून रेघोट्या ओढू लागते. चौथ्या-पाचव्या वर्षी त्या रेघोट्यांतून डोके, हात आणि पाय असलेला माणूस उभा राहतो. पुढे जमिनीची रेघ येते, तिच्यावर घर येते, झाड येते, आई घरापेक्षा मोठी होते. मुलाला तिचे महत्त्व घरापेक्षा अधिक वाटते आणि चित्रात ते निःसंकोच उतरते. नवव्या-दहाव्या वर्षाच्या सुमारास मात्र एक बदल होतो. मुलाला आपले चित्र प्रत्यक्षाशी ताडून पाहण्याची जाणीव येते. "घोडा घोड्यासारखा दिसत नाही," ही खंत त्याच्या मनात प्रथम तेव्हा उमटते आणि शेजारच्या मुलाच्या वहीत डोकावण्याची सवय लागते ती त्याच वेळी.

हा बदल वाढीचाच भाग आहे, त्यात वाईट काही नाही. नजर पुढे गेलेली असते, हात मागे राहिलेला असतो, आणि या अडचणीच्या काळात मुलाला मदतीची गरज असते. परंतु नेमक्या त्याच वेळी घरातून व शाळेतून त्याला जे ऐकू येते ते असे असते: "तुझी चित्रकला जेमतेमच आहे, गणिताकडे लक्ष दे." मूल कागद बाजूला सारते तो कायमचा. म्हणूनच चाळीस वर्षांच्या सुशिक्षित माणसाला आज चित्र काढावयास सांगितले, तर तो दहा वर्षांच्या मुलासारखे चित्र काढतो आणि ओशाळतो. यात त्याच्या बुद्धीचा काही दोष नाही. त्याचा सराव दहाव्या वर्षी थांबला आणि हात तेथेच उभा राहिला, एवढाच त्याचा अर्थ. दहाव्या वर्षी ज्याचे वाचन थांबले, तो चाळिसाव्या वर्षी अडखळतच वाचणार. अशा माणसाला "वाचनाची देणगी नाही" असे कोणी म्हणत नाही, त्याच्यासाठी प्रौढ साक्षरतेचे वर्ग काढले जातात. रेषेच्या बाबतीत मात्र समाज लगेच देणगीची भाषा बोलू लागतो.

शाळेतील चित्रकलेच्या तासाचाही या कामी थोडा दोष आहे, हे मोकळेपणाने मान्य करावयास हवे. "निसर्गचित्र काढा" असे म्हटले की मुलांच्या वहीत दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्यामधून उगवणारा सूर्य, खाली वाहणारी नदी, एक झोपडी आणि एक नारळाचे झाड उमटते. ज्या मुलाच्या घरामागे खाडी आहे, खाजणाचा बांध आहे, मिठागरे आहेत, तोही तेच दोन डोंगर काढतो. त्याने ते पाहिलेले नसतात. ते फळ्यावरून वहीत आणि वहीतून पुढच्या वर्गाच्या फळ्यावर असे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले असतात. स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्याची सवय सुटली की रेषेतला जीव जातो.

रवींद्रनाथांची खाडाखोड

प्रौढपणी ही रेषा पुन्हा सापडल्याचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्याच देशातील आहे. रवींद्रनाथ ठाकूर यांचा जन्म 1861 चा. कवी म्हणून त्यांची कीर्ती दिगंत झाली, 1913 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. घरात चित्रकलेचे वातावरण होते. अवनींद्रनाथ व गगनेंद्रनाथ हे त्यांचे पुतणे नामांकित चित्रकार होते. असे असूनही स्वतः रवींद्रनाथांना चित्रकला साधली नव्हती. 1900 साली, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी त्यांनी तसा एक प्रयत्न करून पाहिला होता. विज्ञानवेत्ते जगदीशचंद्र बोस यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपल्या त्या उद्योगाची थट्टा केली आहे. पेन्सिलीपेक्षा खोडरबर चालविण्याचाच सराव अधिक होत आहे, असा त्यातला भाव होता. तो प्रयत्न पुढे फारसा गेला नाही. एवढ्या मोठ्या प्रतिभावंतालाही चुकीचे भय आडवे आले, ही गोष्ट सामान्य माणसाने ध्यानी ठेवण्यासारखी आहे.

पुढे 1924 च्या अखेरीस रवींद्रनाथ अर्जेंटिनात आजारपणामुळे अडकून पडले. तेथील लेखिका व्हिक्टोरिया ओकाम्पो यांच्या पाहुणचारात ते राहिले होते. 'पूरबी' या संग्रहातील कविता तेव्हा लिहिल्या जात होत्या. लिहिताना एखादा शब्द किंवा ओळ नापसंत पडली की ते ती खोडीत. कागदावर पडलेले खोडण्याचे ते कुरूप डाग त्यांना सलत. मग ते एका डागाला दुसऱ्या डागाशी रेषेने जोडीत, त्या रेषेला वळण देत आणि त्यातून एखादा पक्षी, एखादा विचित्र प्राणी किंवा मुखवटा उभा राहत असे. ओकाम्पो यांनी ही हस्तलिखिते पाहिली आणि त्यांना त्यांचे मोल तत्काळ जाणवले.

येथे थोडे थांबून विचार करावा. 1900 मध्ये चूक पुसून टाकण्याच्या खटपटीत जो माणूस चित्रापासून दूर गेला, तोच माणूस 1924 मध्ये चूक न पुसता तिलाच हाताशी धरून चित्रापर्यंत पोहोचला. मधल्या काळात कोणत्याही कलाशाळेत त्यांनी शिक्षण घेतले नव्हते. बदलली होती ती चुकीकडे पाहण्याची दृष्टी. खोडरबर बाजूला राहिले आणि खाडाखोडच चित्राचे बीज ठरली.

1928 च्या सुमारास रवींद्रनाथ नेमाने चित्रे काढू लागले. त्या वेळी त्यांचे वय सदुसष्ट होते. साधने अगदी साधी होती. लिहिण्याची लेखणी, रंगीत शाई, कधी चिंधी, तर कधी नुसते बोट. बहुतेक चित्रांना त्यांनी नावेही दिली नाहीत. मे 1930 मध्ये पॅरिस येथील पिगाल दालनात त्यांचे पहिले प्रदर्शन भरले आणि त्याच्या मांडणीत ओकाम्पो यांनीच पुढाकार घेतला. त्याच वर्षी बर्लिन, मॉस्को, न्यूयॉर्क अशा अनेक नगरांतून ही चित्रे दाखविली गेली. 1941 मध्ये त्यांचे निधन झाले, तोपर्यंत त्यांच्या हातून दोन हजारांहून अधिक चित्रे झाली होती. साठी उलटल्यावर हाती आलेल्या कलेचा हा संभार आहे.

लोढा गावची मजूर स्त्री

"रवींद्रनाथांची गोष्ट वेगळी, ते महाकवी होते," असा आक्षेप येथे घेतला जाईल आणि तो रास्तही आहे. म्हणून दुसरे उदाहरण पूर्णपणे निराळ्या परिस्थितीतील घ्यावयाचे आहे. मध्य प्रदेशातील उमरिया जिल्ह्यात लोढा नावाचे गाव आहे. तेथील जोधैयाबाई बैगा या बैगा आदिवासी समाजातील स्त्री. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नव्हते. पतीच्या मागे मुलांना वाढविण्यासाठी त्यांनी मजुरी केली, रानातून लाकडे आणून विकली. आयुष्याची जवळजवळ सत्तर वर्षे अशी कष्टात गेली.

त्या गावात आशिष स्वामी नावाच्या चित्रकाराने 'जनगण तसवीरखाना' या नावाची एक साधी कार्यशाळा चालविली होती. स्वामी हे शांतिनिकेतनात शिकलेले. म्हणजे रवींद्रनाथांनी लावलेल्या वृक्षाची एक फांदी या लहानशा गावापर्यंत पोहोचली होती, असे म्हणावयास हरकत नाही. 2008 च्या सुमारास जोधैयाबाईंच्या हाती रंग आले. आरंभी जमिनीवर, पुढे वाळलेल्या भोपळ्यांवर व लाकडावर आणि नंतर कागदावर त्या चित्रे काढू लागल्या. विषय शोधण्यासाठी त्यांना कोठे जावे लागले नाही. बैगांचे देव, मोहाचे झाड, वाघ, रानातील पशुपक्षी हे सारे सत्तर वर्षे त्यांच्या डोळ्यांत साठलेलेच होते. ज्या रानाने आयुष्यभर जळाऊ लाकूड दिले, त्याच रानाने उतारवयात चित्रे दिली.

2019 मध्ये त्यांची चित्रे इटलीतील मिलान शहरात मांडली गेली. 2023 मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरविले. ज्यांनी त्यांच्या हाती प्रथम रंग दिले ते आशिष स्वामी मात्र तो सन्मान पाहावयास राहिले नव्हते, 2021 मध्ये त्यांचा मृत्यू झाला होता. डिसेंबर 2024 मध्ये जोधैयाबाईही निवर्तल्या. त्यांचा पुरस्कार सर्वांना ठाऊक झाला. या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट मात्र त्याआधीची आहे. सत्तरीच्या एका निरक्षर मजूर बाईला "तुमच्या मनात काय आहे ते काढा," असे म्हणणारा एक माणूस भेटला आणि तिने त्याच्यावर विश्वास ठेवला. प्रत्येक गावात अशी किती माणसे असतील की ज्यांना हे वाक्य कोणी कधी म्हटलेच नाही!

घराघरांत असलेली विद्या

आपल्याकडे तर हे वाक्य म्हणावयाचीही गरज एके काळी नव्हती. चित्रकला हा शब्द न उच्चारता प्रत्येक घरात चित्र काढले जात होते. पहाटे अंगण सारवून आजी रांगोळी घालीत असे. चिमटीतून सुटणारी ती रेषा मोजमाप न करता सरळ जाई आणि ठिपक्यांमधून नेमकी वळे. गोमंतकात चतुर्थीला गणपतीच्या वर लाकडी चौकटीची माटोळी बांधतात. नारळ, सुपारीचे घोस, केळ्यांचे घड, तोरिंजन आणि रानातून शोधून आणलेली नाना रंगांची फळे तिच्यावर टांगली जातात. कोणत्या फळाशेजारी कोणते शोभेल हे ठरविणारा घरातील वडीलधारा माणूस रचना आणि रंगसंगती यांचाच विचार करीत असतो, मग त्याला ते शब्द ठाऊक असोत वा नसोत.

गोव्यातील जुन्या देवळांच्या भिंतींवर कावीचे काम आढळते. कोकणात व कर्नाटकाच्या किनारपट्टीवरही ते दिसते. जांभ्या मातीचा तांबडा थर चुन्याच्या पांढऱ्या गिलाव्यावर द्यावयाचा आणि तो ओला असतानाच अणकुचीदार हत्याराने खरवडून खालचा पांढरा रंग उघडा करावयाचा, अशी ती रीत. दोनच रंग, तेही पायाखालच्या मातीतले आणि भट्टीतल्या चुन्यातले. परंतु त्यातून वेली, पक्षी आणि देवदेवतांच्या आकृती शतकानुशतके उमटत आल्या. साधने थोडी असली तरी कला अडत नाही, याचा याहून चांगला पुरावा कोणता?

ही विद्या आज झपाट्याने मागे पडत आहे. मातीचे अंगण जाऊन तेथे फरशी आली. रांगोळीच्या जागी चिकटविण्याची छापील नक्षी आली. ती स्वच्छ असते आणि वेळही वाचविते, हे खरे. परंतु ज्या आजीच्या बोटांत शंभर नक्ष्या आहेत, त्या नक्ष्या कोणी उतरून घेतल्या नाहीत, तर त्या तिच्याबरोबर जातील. वारली चित्रांच्या बाबतीतही अशीच एक चूक घडते. लग्नाच्या वेळी तांदळाच्या पिठाने चौक लिहिणाऱ्या वारली सुवासिनींची ती पवित्र कला आहे. जिव्या सोमा म्हसे यांनी ती कागदावर आणून जगापुढे मांडली. आता तिच्या आकृत्या भिंतीवर, पिशवीवर आणि कपावर सर्वत्र छापल्या जातात. त्या आकृत्या जशाच्या तशा गिरविल्याने वारली जीवन कळत नाही आणि गिरविणाऱ्याचे स्वतःचे जीवनही चित्रात येत नाही. दुसऱ्याची लिपी शिकावी, पण तिच्यात पत्र मात्र आपले लिहावे.

आरंभ कसा करावा?

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळावयास हवे. नव्याने आरंभ करणाऱ्या प्रौढाला तीन गोष्टी पुरतात: रोजची वीस-पंचवीस मिनिटे, हाताशी असलेले कोणतेही साधन आणि निकाल न मागण्याची तयारी. साधन म्हणून पाटी व खडू चालतो. चुलीतला कोळसा, काव, तांदळाचे पीठ, मुलाची संपलेली वही, जुन्या पावतीपुस्तकाची कोरी पाठ, हे सारे चालते. महागडा कागद आरंभी टाळलेलाच बरा, कारण तो बिघडेल या भीतीने हात आखडतो.

पहिला सराव असा. आपलाच डावा हात किंवा परसातील जास्वंदीचे एक पान समोर ठेवावे. नजर त्या वस्तूच्या कडेवरून मुंगीच्या गतीने फिरवावी आणि त्याच गतीने कागदावर रेषा चालवावी. कागदाकडे मात्र मुळीच पाहू नये. अमेरिकन कलाशिक्षक किमॉन निकोलायडीस यांच्या 1941 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात या पद्धतीला मानाचे स्थान आहे. या रीतीने काढलेली आकृती वेडीवाकडी येते आणि ती तशी येणारच. परंतु पाच मिनिटे एका पानाकडे इतक्या एकाग्रतेने पाहण्याचा योग त्या माणसाला कित्येक वर्षांत आलेला नसतो. पानाच्या कडेचे दाते, शिरेचे वळण, किडीने पाडलेले छिद्र त्याला प्रथमच दिसते. या सरावात हातापेक्षा डोळा अधिक शिकतो.

दुसरा सराव म्हणजे एखादे साधे रेखाचित्र उलटे धरून, म्हणजे डोके खाली व पाय वर असे ठेवून, ते तसेच उतरविणे. बेटी एडवर्ड्स यांच्या 1979 च्या पुस्तकाने हा प्रयोग जगभर पोहोचविला. त्यांनी त्याचे कारण मेंदूच्या डाव्या-उजव्या भागांच्या कार्यात शोधले होते. मेंदूविषयीची ती विभागणी फार ढोबळ होती, असे आजचे शास्त्र मानते. प्रयोग मात्र उपयुक्तच ठरला आहे, आणि त्यामागचे कारण साधे आहे. चित्र सुलटे असले की मन "हे नाक, हा डोळा" असे म्हणते आणि लहानपणी पाठ केलेले नाक काढून मोकळे होते. चित्र उलटे असले की नाव सुचत नाही, केवळ रेषा दिसते आणि जसे दिसते तसे उतरते.

तिसरा सराव रवींद्रनाथांच्या खाडाखोडीचा. कागदावर न ठरविता दोन-चार रेघा ओढाव्या, शाईचा एखादा थेंब पडू द्यावा आणि त्यात काय दिसते ते शोधून पुढे काढीत जावे. येथे खोडरबराला मनाई असावी. चौथा सराव जमिनीवरचा आहे. ठिपके न मांडता मुक्तहस्त रांगोळी घालावी आणि तिच्यात त्या दिवशी पाहिलेली एक गोष्ट आणावी. शेतावर आलेला बगळा, बसथांब्यावरची गर्दी, विहिरीवरचा रहाट, काहीही चालेल. संध्याकाळी ती पुसली जाते हाच तिचा मोठा गुण. जे टिकावयाचे नाही त्याची भीती वाटत नाही.

कोऱ्या कागदाचे भय मोठमोठ्यांनाही वाटते. भारताच्या स्वातंत्र्याचे कडवे विरोधक म्हणून ज्यांची ओळख आहे, ते इंग्लंडचे विन्स्टन चर्चिल 1915 मध्ये नौदलाचे मंत्रिपद गमावल्यावर खिन्न होऊन बसले होते. चाळिसाव्या वर्षी त्यांनी प्रथम मुलांच्या रंगपेटीने चित्रे काढून पाहिली आणि मग तैलरंग आणविले. परंतु पांढऱ्या कापडापुढे त्यांचा हात उठेना. तेव्हा भेटीस आलेल्या एका चित्रकाराच्या पत्नीने कुंचला हाती घेऊन त्या कापडावर भराभर मोठे फटकारे मारले आणि भीती संपली. पुढे आयुष्यभर त्यांनी पाचशेच्या वर चित्रे काढली. पहिला फटकारा कोणीतरी मारून दाखवावा लागतो, हे त्यातले तात्पर्य.

शाळा, पंचायत आणि कार्यालये यांचे काम

तो पहिला फटकारा मारून दाखविण्याचे काम गावातील शिक्षकांकडे येते. चित्रकला शिक्षकाने आठवड्यातून एक संध्याकाळ शाळेचा वर्ग मोठ्या माणसांसाठी उघडावा. येथे गुण नसावेत, क्रमांक नसावेत, स्पर्धा तर मुळीच नसावी. एलिमेंटरी व इंटरमिजिएट या परीक्षांना त्यांच्या जागी महत्त्व आहे, पण पन्नाशीच्या माणसाला पुन्हा परीक्षेस बसविण्याचे कारण नाही. "छान" आणि "वाईट" हे दोन शब्द त्या वर्गात उच्चारू नयेत. "हे कोठे पाहिले?" एवढेच विचारावे. या एका प्रश्नाने माणूस बोलता होतो आणि चित्राबरोबर गावाचा इतिहासही बाहेर पडतो.

पंचायतीने किंवा ग्रंथालयाने एक खोली, एक दिवा आणि एक भिंत द्यावी, भिंत चुन्याने रंगवून ठेवावी. महिला मंडळाने गावातील वृद्ध स्त्रियांकडून रांगोळीच्या जुन्या नक्ष्या वहीत उतरून घ्याव्यात आणि त्या सांगणारीच्या संमतीने तिचे नावही खाली लिहावे. अधिकाऱ्यांना एक नम्र सूचना करावीशी वाटते. अशा वर्गांना उद्दिष्टे ठरवून देऊ नयेत. या महिन्यात किती प्रौढांनी किती चित्रे काढली, असा तक्ता मागविला की लगेच पुन्हा ते दोन डोंगर आणि मधला सूर्य दिसू लागेल.

मर्यादा आणि लाभ

या साधनेने काय मिळते, याविषयी अतिशयोक्ती करू नये. प्रत्येकाचे प्रदर्शन भरणार नाही, प्रत्येकाला पुरस्कार मिळणार नाही, आणि चित्रे विकून घर चालेल असेही नाही. गंभीर आजारावर हा उपचार नव्हे. मनाला खरोखर आजार असेल तर डॉक्टरांकडेच जावे. परंतु लाभ अगदी मोजता येत नाहीत असेही नाही. अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. 39 प्रौढांना 45 मिनिटे माती, रंगीत लेखण्या व चिकटचित्राचे कागद देऊन हवे ते करू दिले. आधी व नंतर त्यांची लाळ तपासली. मनावरील ताणाशी निगडित असलेले कॉर्टिसोल हे द्रव्य सुमारे 75 टक्के लोकांत कमी झालेले आढळले. ध्यानात घेण्यासारखी बाब ही की, ज्यांना कलेचा पूर्वानुभव होता आणि ज्यांना नव्हता, त्यांच्यात याबाबत फरक दिसला नाही. अभ्यास लहान होता, त्यावरून मोठे सिद्धांत मांडू नयेत. तथापि "मला येत नाही, तेव्हा मला त्याचा काय उपयोग?" या शंकेला त्यात उत्तर आहे.

खरा लाभ मात्र लाळेच्या तपासणीत सापडणारा नाही. रोज एक वस्तू नीट पाहणाऱ्या माणसाला आपले गाव नव्याने दिसू लागते. चाळीस वर्षे ज्या वडाखालून तो बसला गेला, त्याच्या पारंब्या त्याला प्रथमच दिसतात. आयुष्याच्या उत्तरार्धात बहुतेक गोष्टी हातातून जात असतात. डोळ्यांची शक्ती, पायांतले बळ, भोवतालची माणसे, सारे उणे होत जाते. अशा काळात एखादी गोष्ट नव्याने हाती येणे, तीही विकत न घेता, ही लहान गोष्ट नव्हे.

पहिलीच्या वर्गातील ते वर झालेले हात पुन्हा एकदा डोळ्यांपुढे आणावेत. त्या मुलांपैकी प्रत्येकाचे वय वाढणार आहे आणि घरातील मोठ्यांकडे पाहूनच ती ठरविणार आहेत की मोठे झाल्यावर हात वर करावयाचा की खाली घ्यावयाचा. संध्याकाळी ओटीवर बसून आजोबा पाटीवर जास्वंदीचे पान काढीत आहेत आणि नातू शेजारी बसून ते पाहत आहे, असे दृश्य ज्या घरी दिसेल, त्या घरातील नातवाचा हात दहाव्या वर्षी खाली येणार नाही. त्यासाठी आजोबांना आजच संध्याकाळी पाटी हाती घ्यावी लागेल, एवढेच सांगून हे विवेचन पुरे करणे योग्य होईल.